शालनबाईंच्या हाताची चौकशी

"तुमचं सोमवारी बंद असतंय न्हवं?"

तिकीट खिडकीत वाकून विचारणाऱ्या माणसाला मी ओळखत होतो. आमचं अख्खं वस्तुसंग्रहालयच ओळखत होतं. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. दर गुरुवारी यायचा, तिकीट काढायचा, 'ग्रामीण जीवन' दालनात जायचा आणि थोड्या वेळानं निघून जायचा. बोलायचा नाही. आम्हाला महिन्याच्या अहवालात प्रेक्षकांची वर्गवारी द्यावी लागे: विद्यार्थी, पर्यटक, अभ्यासक. हा विद्यार्थी नव्हता, गावातलाच असल्यामुळे पर्यटकही नव्हता, म्हणून मी त्याला अभ्यासकांत टाकला होता. आमच्याकडे तेवढा एकच अभ्यासक होता. आमच्या प्रमुख मॅडमना त्याचा अभिमान होता.

"हो काका, सोमवारी बंद."

"मग मंगळवारचाच मुहूर्त धरतो. भटजींनी दोन दिल्यात. पोराचं लगीन हाय."

"काका, आपण हॉल भाड्यानं देत नाही."

"हॉल नको वो. लगीन कार्यालयातच हाय. तितनं नवरा-नवरीला हितं आणायचं, पाया पडायचं आन जायाचं."

"कुणाच्या पाया?"

"अंकुशच्या आईच्या."

मी मागं वळून पाहिलं. आमच्या कर्मचाऱ्यांत दोनच बायका. त्यातल्या देवस्थळी मॅडम, म्हणजे आमच्या अभिरक्षक, अविवाहित होत्या आणि सफाईच्या मावशींना सगळ्या मुलीच. मी मनातल्या मनात पडताळणी केली आणि गप्प बसलो. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. कुठल्या प्रश्नानं नोकरी जाते हे अजून कळायचं होतं.

"चला, दावतो," म्हातारा म्हणाला आणि माझ्याच संग्रहालयात मला वाट दाखवत पुढं निघाला.

ग्रामीण जीवन दालनात प्लास्टरचे पुतळे होते. एक गाय, तिला खऱ्या केसांचं शेपूट. एक नाक गेलेला लोहार. आणि कोपऱ्यात, दोरीच्या पलीकडे, जात्यावर बसलेली बाई. जातं खरं, दगडी. अंगावरचं लुगडंही खरं. बाई तेवढी प्लास्टरची. तिचा एक हात जात्याच्या खुंट्यावर होता, मान खाली. जात्याच्या पलीकडची बाजू रिकामी. मुळात तिथं दुसरी बाई असणार होती म्हणे, पण प्लास्टर संपलं. खाली पाटी: 'जात्यावर दळणारी ग्रामीण स्त्री. हात लावू नये.'

"ही शालन," म्हातारा म्हणाला. "माझी मंडळी. मी रंगराव भोपळे."

मी नमस्कार केला. कुणाकडे बघून करायचा ते न कळल्यामुळे दोघांच्या मधोमध केला.

"ही बिल्डिंग बांधत व्हते तवा शालन हितं इटा वाहायला व्हती," रंगराव सांगू लागले. "ते मूर्तिकार साहेब आले. मुकादमाला म्हणले, ही बाई द्या मला दोन-चार दिवस. मुकादम म्हणला, न्या. मग बसीवली हितंच आन तोंडाला काय काय फासलं. सांजच्याला घरी आली तर भुवया पांढऱ्या फेक! आरशात बघून इतकी हसली, इतकी हसली, भाकरी करपली तव्यावर."

"मग?"

"मग काय. पोरगं वरसाचं झालं आन काविळीनं गेली. फोटू एकबी न्हाई. लग्नात काढलेला, तर फोटोवाला म्हणला रोल जळाला." त्यांनी टोपी सारखी केली. "अंकुशनं आई हितंच बघितली. ल्हान असताना इचारायचा, आई वर का बघत न्हाई? मी म्हणायचो, दळाण चाललंय बाबा, तिचं ध्यान तितं हाय."

आता खरी अडचण मला माहीत होती, रंगरावांना नव्हती.

त्या वर्षी वरून परिपत्रक आलं होतं. सर्व संग्रहालयांनी आर्थिक वर्ष संपायच्या आत सहृदय व्हावं आणि तसं विहित नमुन्यात कळवावं. मॅडमनी ते मनावर घेतलं होतं. त्या खरंच मनावर घेणाऱ्यांतल्या होत्या. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी त्यांनी भांडून रॅम्प बांधून घेतला होता. रॅम्प देखणा झाला होता आणि जिथं संपत होता तिथं भिंत होती. भिंत फोडून दार काढायची मंजुरी पुढल्या वर्षी मिळणार होती. याच सहृदयतेच्या कामात ग्रामीण जीवन दालन काढून तिथं 'सर्वांचं दालन' होणार होतं, भिंतभर टच स्क्रीनचं. मुहूर्ताच्याच मंगळवारी समिती पाहणीला येणार होती. बुधवारी पुतळे जाणार होते.

मी मॅडमच्या खोलीत गेलो.

"मॅडम, जात्यावरच्या बाईचे नातेवाईक आहेत."

"कसले नातेवाईक?"

"नवरा, मुलगा. मंगळवारपासून सून."

मॅडमनी चष्मा काढला. "हेर्लेकर, तो पुतळा आहे."

"हो. पण लग्नानंतर जोडपं पाया पडायला येणार आहे."

"बुधवारी ते सगळे जाणार आहेत. आणि मी दुष्टपणानं करत नाहीये हे. गाईच्या शेजारी माणसं मांडून ठेवायची, नाव नाही, गाव नाही, खाली नुसतं 'ग्रामीण स्त्री'. शरम वाटते मला त्या पाटीची. म्हणून तर नवं दालन."

"पण मॅडम, हिला नाव आहे."

"पुरावा?"

"नवरा."

"नवरा हा पुरावा नसतो," मॅडम म्हणाल्या. अविवाहित असूनही त्यांनी हे फार ठामपणे सांगितलं.

"मग भांडारात तरी ठेवू."

"भांडारात टच स्क्रीनची खोकी आहेत. निर्लेखनच करावं लागेल."

निर्लेखन म्हणजे वस्तू नाहीये असं आधी कागदावर लिहायचं आणि मग ते खरं करायचं.

"आणि समितीच्या दिवशी वऱ्हाड? अजिबात नाही."

"ते तिकीट काढून येणार आहेत, मॅडम. तिकीट काढलेल्या माणसाला कुठल्या नियमानं अडवायचं?"

मॅडम नियमांच्या बाईच होत्या. बराच वेळ त्यांनी खिडकीबाहेरच्या रॅम्पकडे पाहिलं.

"हळदीकुंकू वाहायचं नाही. नारळ फोडायचा नाही. अक्षता टाकायच्या नाहीत, मुंग्या होतात."

"हो."

"बँडवाले गेटबाहेर."

"हो मॅडम."

"आणि हेर्लेकर, त्या माणसाला बुधवारचं सांगा. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

पुढल्या गुरुवारी रंगराव आले तेव्हा मी सांगितलं. दालनातल्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, समोर शालनबाई दळत होत्या. मी निर्लेखन या शब्दाशी आलो आणि त्याचा सोपा अर्थ शोधू लागलो, पण रंगरावांनी हात वर केला.

"ठाव हाय. मी यष्टीच्या डेपोत मेकॅनिक व्हतो. लई गाड्या निर्लेखन झाल्या माझ्या हातनं." मग जरा थांबून म्हणाले, "भंगारात काढली तर मला मिळंल का?"

"सरकारी वस्तू खासगी माणसाला देता येत नाही, काका. फोडून टाकावी लागते."

"व्हय. तसाच नियम हाय," रंगराव म्हणाले. जणू मीच विसरलो होतो आणि ते मला आठवण करून देत होते. "आमच्यातबी तसंच. सीटसुद्धा घरी न्यायला मिळत नसं." पिशवीतून त्यांनी पत्रिका काढली आणि माझ्या हातात दिली. निमंत्रकांत पहिलं नाव कै. सौ. शालन. "अंकुशला सांगू नका एवढं. लगीन व्हऊ दे."

मंगळवारी समितीचे साहेब आणि वऱ्हाड एकाच वेळी गेटात आले. बँडवाल्यांना वाटलं साहेब मुलीकडचे आहेत, म्हणून त्यांनी साहेबांना वाजवत पायरीपर्यंत आणलं. साहेब मुंबईचे होते; जिल्ह्याला असंच स्वागत होत असावं असं त्यांना वाटलं. ते हात जोडत आले.

तिकिटं फाडताना मी नवरदेवाला अभ्यासकांत धरलं. वारसाहक्कानं. अंकुश उंच, गोरामोरा झालेला, मुंडावळ्या कानामागं टाकलेला. नवरी, पौर्णिमा, हिरव्या शालूत. मागं रंगराव आणि त्यांची बहीण आक्काताई. आक्काताईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या पायऱ्या सोडून रॅम्पवरून वर गेल्या आणि भिंतीपाशी पोचून थांबल्या.

"दादा!" तिथून त्या ओरडल्या. "दार लावून घेतलंय रं ह्यांनी!"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं. मी आक्काताईंना उतरवून पायऱ्यांवरून आणलं. वाटेत त्यांनी बांधणाऱ्याच्या साती पिढ्यांची चौकशी केली.

दालनात पोचल्यावर साहेबांनी छापील प्रश्नावली काढली. त्यांना सामान्य प्रेक्षक हवा होता आणि समोर शालूतली पौर्णिमा होती.

"ताई, एकच प्रश्न. या वस्तूशी तुमचं काही नातं जाणवतं का?"

"सासू हाय," पौर्णिमा म्हणाली.

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. तिथं 'अजिबात नाही', 'थोडंफार' आणि 'खूप' असे तीन चौकोन होते. सासूला चौकोन नव्हता.

"मग खूपवर करा खूण," पौर्णिमानं सुचवलं. "अजून वळख न्हाई, पर करा."

मी दोरी सोडली. जोडपं पुढं झालं आणि पाया पडायला वाकलं. वाकलं आणि तसंच राहिलं. अंकुशचा हात लुगड्याच्या काठाशी चाचपडत होता.

"काय झालं?" आक्काताई म्हणाल्या.

"आत्या, पाय सापडंनात."

आक्काताईंनी पुढं होऊन लुगड्याचा काठ जरासा उचलला. आत लाकडी चौकट होती आणि चौकटीखाली टेकूला एक वीट. मूर्तिकारानं कमरेपर्यंतच बाई केली होती. लुगडं नेसवल्यावर खालचं कोण बघतंय, असा त्याचा विचार असावा.

"अगं बया! वैनीला पायच न्हाईत!"

सगळ्यांनी रंगरावांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"इतकी वरसं येतोय," ते म्हणाले. "तोंडावरनं नजर खाली गेलीच न्हाई कधी."

पाया पडायला आलेल्या माणसांनी पाय नसतील तर काय करायचं, हे शास्त्रात नाही आणि आमच्या नियमावलीतही नव्हतं. साहेब पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.

"पाय न्हाईत तर न्हाईत," पौर्णिमा म्हणाली. "हात हाय की."

तिनं शालू गोळा केला आणि जात्याच्या पलीकडच्या बाजूला, जिथं प्लास्टर संपलं होतं तिथं, फतकल मारून बसली. "हळदीचं जातं दोघींनी धरायचं असतंय. माझ्या हळदीला सासूच्या जागी आत्या बसल्या. त्ये राह्यलंय." आणि तिनं खुंट्यावरच्या त्या पांढऱ्या हातावर आपला हात ठेवला.

"फिरवू नका!" मी ओरडलो. "जातं खरं आहे, हात खोटा आहे!"

"फिरवत न्हाई वो. नुसतं धरलंय."

तिनं खरंच नुसतं धरलं होतं. पण दालनाला ओल होती आणि प्लास्टरला वय झालं होतं. कटकन बारीक आवाज झाला आणि शालनबाईंचा पंजा मनगटापासून सुटून सुनेच्या हातात आला.

बाहेर बँडवाल्यांना यातलं काही माहीत नसल्यामुळे त्यांनी नेमकं तेव्हा नाचायचं गाणं सुरू केलं.

"झालं!" आक्काताईंनी कपाळावर हात मारला. "अजून घराचा उंबरा बघितला न्हाई, आन सासूचा हात मोडला!"

पौर्णिमाचं तोंड उतरलं. इतका वेळ पटापटा बोलणारी मुलगी पंजा ओंजळीत धरून नुसती बसून राहिली. अंकुश तिच्याजवळ उकिडवा बसला.

"दुखलं का गं?" तो हळूच म्हणाला.

कुणाला विचारलं ते कळलं नाही. दोघींपैकी कुणीच उत्तर दिलं नाही.

मग पौर्णिमानं पंजा मांडीवर ठेवला आणि स्वतःच्या मनगटाचा पिवळा दोरा सोडू लागली, लग्नातला, हळकुंड बांधलेला.

"अगं, ये! त्ये सोडायचं नसतंय! घरी गेल्यावर, समद्यांच्या देखत..."

"सोडत न्हाई आत्या. आईच्या हाताला बांधती."

तिनं पंजा होता तिथं जुळवला, मनगटाभोवती, खुंट्याभोवती दोरा गुंडाळला, आणि गाठीला अंकुशनं बोट दिलं. हळकुंड बरोबर वर आलं. शालनबाई होत्या तशा दळत राहिल्या, फक्त आता लग्नघरातल्या दिसत होत्या.

माझ्यामागं देवस्थळी मॅडम उभ्या होत्या. कधीपासून होत्या कोण जाणे. माझी नोकरी गेल्याचं त्यांच्या ओठांवर आलं असावं म्हणून मी वाट पाहत राहिलो. पण त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत.

"सर," त्या साहेबांना म्हणाल्या, "आपल्यासमक्ष वस्तूला इजा झालेली आहे."

"हो. दिसतंय."

"इजा झालेल्या वस्तूचं चौकशी पूर्ण झाल्याशिवाय निर्लेखन करता येत नाही."

साहेबांनी आठवून पाहिलं. "नाही करता येत."

"जागेवरून हलवताही येत नाही."

"नाही. नियम तसाच आहे."

"मग नाइलाज आहे," मॅडम म्हणाल्या. एखादा नियम इतक्या प्रेमानं उच्चारलेला मी आजवर ऐकलेला नाही. "हेर्लेकर, चौकशी अधिकारी तुम्ही. सखोल करा. घाईगर्दी नको."

मग त्या दोरी ओलांडून रंगरावांपाशी गेल्या. पेन काढलं.

"चौकशीत नाव घालावं लागतं. काय म्हणालात यांचं नाव?"

रंगरावांनी आधी टोपी घातली. "शालन रंगराव भोपळे."

मॅडमनी लिहून घेतलं. पुरावा मागितला नाही. तिथल्या तिथं खाली वाकून त्यांनी 'ग्रामीण स्त्री'ची पाटी ओढून काढली आणि पर्समध्ये टाकली.

अंकुशनं वडलांकडे पाहिलं. "आबा, हलवायचं म्हंजे? आईला कुठं हलवणार व्हते?"

"कुठं न्हाई," रंगराव म्हणाले. "जेवायला चला, पंगत खोळंबली आसंल."

याला बरीच वर्षं झाली. गाय गेली, लोहार गेला, टच स्क्रीन आले. ते सुरुवातीला चालायचे. शालनबाई सर्वांच्या दालनात मधोमध आहेत, कारण हलवता येत नसल्यामुळे दालनच त्यांच्याभोवती आखावं लागलं. पाटी नवी आहे: 'शालन रंगराव भोपळे. या इमारतीच्या विटा यांनी वाहिल्या. समोर बसावे.' पलीकडच्या रिकाम्या बाजूला मी पाट मांडला आहे. त्यावर लोक बसतात. बाजारला आलेल्या बायका पिशव्या खाली ठेवून बसतात, शाळेच्या सहलीतली मुलं नंबर लावून बसतात, एकदा एक तालुक्याचे मोठे अधिकारी दुपारभर बसून गेले. काय बोलतात ते मी ऐकत नाही. तो चौकशीचा भाग नाही. दोऱ्याची अहवालात नोंद आहे: 'तात्पुरता आधार, सुती, पिवळा.'

मॅडम निवृत्त झाल्या. जायच्या दिवशी किल्ल्या माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "कुठवर आली चौकशी?"

"प्राथमिक अवस्थेत आहे, मॅडम."

"छान," त्या म्हणाल्या. रॅम्पला दार मिळालेलं त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी पायऱ्या सोडून मुद्दाम रॅम्पवरून उतरल्या.

साक्षीदारांना दरवर्षी जबाबासाठी बोलवावं लागतं. रंगराव आता रॅम्पवरूनच येतात, अंकुश खुर्ची ढकलतो. पौर्णिमा येताना पुरणपोळ्या आणते. त्यांची मुलगी पाटावर बसते आणि दळल्यासारखं करते. मी रीतसर विचारतो, "वस्तूचा हात कसा तुटला?" रंगराव घसा खाकरून पहिल्यापासून सुरू करतात. मुकादम, मूर्तिकार, पांढऱ्या भुवया. भाकरी करपते इथपर्यंत येतात आणि हसायला लागतात. मग पुढं सांगवत नाही. हातापर्यंत जबाब अजून एकदाही पोचलेला नाही.

अधूनमधून वरून पत्र येतं, चौकशी पूर्ण झाली का. मी कळवतो की मुख्य साक्षीदाराचा जबाब अद्याप चालू आहे, पुढील तारीख दिलेली आहे. तारीख अंकुश-पौर्णिमाच्या लग्नाच्या वाढदिवसाची असते. सोमवार आला, तर मंगळवारची.